पेन थांबता कामा नये

"पाणी शंभर अंशांना गोठतं. लिही."

मुलीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

"ताई, उकळतं."

"तुका कोणी इचारला?"

मुलगी हसली. खोलीतली बाकीची मुलंही हसली. सुमन तिरोडकर हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. "चंद्र स्वतःच्या प्रकाशानं चमकतो." मग, "बटाटे झाडाला लागतात." पेन दर वेळी थोडं अडत होतं. ते अडायचं बंद झाल्यावरच सुमनताई म्हणाल्या, "आता जमतंय. पुढच्या रविवारी ये."

घाटकोपर पूर्वेला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची ती जागा. रविवारी सकाळी तिथं सुमनताईंचा वर्ग भरायचा. वर्गात दोन प्रकारची मुलं असत. कॉलेजात शिकणारी अंध मुलं-मुली, आणि त्यांच्यापेक्षा एक-दोन वर्षं मागे असलेली डोळस मुलं-मुली. अंध विद्यार्थी परीक्षेत उत्तरं तोंडी सांगतो आणि दुसरं कुणी ती कागदावर उतरवतं. या दुसऱ्याला लेखनिक म्हणतात. तो खालच्या वर्गातला असावा, म्हणजे त्याला उत्तर ठाऊक नसेल, असा नियम असतो. नियम करणाऱ्यांना लेखनिक मिळवायला किती दारं ठोठावावी लागतात हे ठाऊक नसतं. मावसभाऊ, शेजारीण, वॉचमनची मुलगी. पेपरच्या सकाळी यांपैकी कुणाला ताप आला, तर वर्ष गेलं. सुमनताईंनी त्यावर उपाय म्हणून जोड्या लावल्या होत्या. वर्षभर एकत्र बसायचं आणि परीक्षेलाही एकत्रच जायचं.

त्या स्वतः लहानपणापासून अंध होत्या. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणजवळ. नोकरी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटरची, निवृत्तीपर्यंत. लग्न केलं नाही. घरातला फोन उचलल्यावर त्या "हॅलो" म्हणत नसत, "बोला" म्हणत, आणि पलीकडचा माणूस फाफटपसारा लावू लागला की "कुणाला जोडू?" असं विचारत. निवृत्तीनंतरही. बोलणं मुंबईचं, पटकन आणि तोडून. राग आला की मालवणी.

माझी त्यांची ओळख मी वर्तमानपत्रात असल्यामुळे झाली. परीक्षेच्या दिवसांत लेखनिकांच्या टंचाईवर बातमी करायची म्हणून मी त्यांच्या दारात गेलो. मी नाव सांगितलं, पेपरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मथळ्यात 'अंधारातून प्रकाशाकडे' असेल तर आत्ताच वर जा. चहा वाचेल माझा."

मथळ्यात ते नव्हतं. त्यानंतर बरीच वर्षं, सुट्टीच्या संध्याकाळी, मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. तिथंही शिस्त होती. एखाद्या बातमीत माझा आवाज चढला तर त्या हात वर करत. "सूर नको. बातमी वाचा. वाईट आहे की चांगली ते माझं मी बघेन." मीच लिहिलेल्या एका बातमीवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "यात तुम्ही फार बोलताय, पेपरवाले."

त्यांचं सगळं म्हणणं त्यांच्या नोकरीतून आलेलं होतं. ऑपरेटर लाइन जोडतो, मधे बोलत नाही. लेखनिकानंही तेच करायचं. मुलांना सुरुवातीला वाटे, यात शिकण्यासारखं काय आहे? सांगितलं ते लिहायचं. पण सांगितलेलं चूक असतं तेव्हा ते लिहिणं फार कठीण जातं. हात अडतो. डोळस विद्यार्थ्याला ते समजणार नाही. अंध विद्यार्थ्याला लगेच समजतं, कारण त्याचं सगळं लक्ष पेनाच्या आवाजाकडे असतं. पेन थांबलं म्हणजे उत्तर चुकलं. मग तो वाक्य मागे घेतो आणि दुसरं सांगतो. कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं, आणि तरीही उत्तर पोहोचलेलं असतं. काही मुलं याचा फायदा घ्यायची. अर्धं वाक्य टाकायची आणि पेन काय म्हणतंय ते ऐकायची. सुमनताईंच्या लेखी दोघंही चोर.

"पेन थांबता कामा नये," हे वाक्य त्या खोलीत मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते ऐकू येईनासं झालं.

खोकलाही चालत नसे. एका सराव परीक्षेत एक मुलगा चुकीच्या उत्तरावर हलकेच खोकला. सुमनताईंनी दोघांचाही पेपर थांबवला. "ताई, खरंच घसा खवखवतोय," तो म्हणाला. "मग बाहेर जाऊन खोक. परीक्षेच्या खोलीत खोकला म्हणजे उत्तर." त्यांना स्वतःला दम्याचा त्रास होता. देवनारच्या कचऱ्याकडून वारा आला की तो वाढायचा. वर्गात उबळ आली तर त्या उठून पार्किंगमध्ये जात, तिथं गाड्यांच्या मधे उभं राहून खोकून घेत, आणि परत येत. कुणी पाणी घेऊन मागे गेलेलं त्यांना आवडत नसे.

लेखनिक फुकट मिळणार नाही, हाही नियम होता. अंध मुलानं आपल्या लेखनिकाला एक विषय शिकवायचा. डोळस मुलांच्या आयांना हे आधी चमत्कारिक वाटे. आपला मुलगा तिथं पुण्य करायला जातो अशी त्यांची समजूत असे. पुढे त्याचे इंग्रजीचे मार्क वाढले की समजूत बदले.

आणि मागितल्याशिवाय काही करायचं नाही. हा नियम दोन्ही बाजूंना होता. हिवाळ्यात एकदा वर्ग लांबला, खोलीत अंधारून आलं. सुमनताई सांगत होत्या, डोळस मुलं वहीत नाक घालून लिहीत होती. दिवा लावा म्हणायचं धाडस कुणाला होईना. त्यांना वाईट वाटेल, अशी सगळ्यांची कल्पना. शेवटी एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, दिसत नाहीये." सुमनताई म्हणाल्या, "अगं मग तोंड आहे ना? लाव की बटण. आम्ही दिवसातून दहा वेळा मागतो, तुम्हाला एकदा मागायला लाज?"

सायली मेस्त्री याच वर्गातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. वडील साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. मुलगी हुशार, पण अर्थशास्त्रात एकदा नापास झालेली. घाबरली की तिचं वर-खाली उलटं होई. पुरवठा वाढला की किंमत कमी होते, हे तिला झोपेतही सांगता येई. परीक्षेत मात्र तोंडातून नेमकं उलटं यायचं. तिची लेखनिक मृण्मयी, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची. दोघी एकमेकींना 'यार' म्हणायच्या, एकाच हेडफोनची एकेक बाजू कानात घालून सोसायटीच्या गेटशी उभ्या राहायच्या. अंधेरीच्या एका विमा कार्यालयानं सायलीला ग्राहकांच्या फोनवर बसायच्या कामासाठी निवडलं होतं. अट एकच. त्या उन्हाळ्यात पदवीची मार्कशीट दाखवायची. अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला होता.

पेपर झाला. कॉलेजच्या गेटबाहेर मृण्मयी तिला म्हणाली, "अगं वेडे, पुरवठा वाढला की किंमत वाढते म्हणालीस! मोठ्या प्रश्नात! मी सगळीकडे 'कमी होते' लिहिलं. थँक्यू म्हण."

सायली थँक्यू म्हणाली नाही. मृण्मयीला घेऊन ती रिक्षात बसली. थेट सुमनताईंकडे आली.

त्या संध्याकाळी मी तिथं पेपर वाचत होतो. उठू लागलो तर सुमनताई म्हणाल्या, "बसा. सूर लावू नका म्हणजे झालं."

मृण्मयी रडत होती. सुमनताईंनी तिला रडू दिलं आणि मग विचारलं,

"हिनं काय सांगितलं?"

"वाढते."

"तू काय लिहिलंस?"

"कमी होते."

"का?"

"ती पास व्हावी म्हणून."

"तिला विचारलंस?"

"नाही."

तेवढ्यात सायलीचे वडील आले. कामावरून तसेच आले होते, हाताला तेलाचा वास होता. मुलीनं फोनवर सांगितलं होतं. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे? सोडून द्या ना."

"मी धरलंय कुठं?"

"तुम्ही कॉलेजात सांगणार म्हणते ही."

"मी कुणाला सांगणार नाही. पेपर सायलीचा आहे. कुणी मला विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही."

"ऑफिसवाले थांबणार नाहीत हो, ताई. आम्ही कुणाकडे जायचं?"

सगळे सुमनताईंकडे बघत होते. त्यांना ते कळलं असावं. "माझ्याकडे बघू नका कोणी," त्या म्हणाल्या. "फुकट जातं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडून स्वतःबद्दल एवढं सलग मी तेव्हाच ऐकलं. मॅट्रिकला त्यांना फर्स्ट क्लास होता. लेखनिक चाळीतली एक मुलगी होती. सांगितलं त्याच्या पलीकडे तिनं काना-मात्रा लिहिली नव्हती. बँकेत रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी एका साहेबांनी कागद बघून विचारलं, "हे मार्क तुमचे की लिहिणारीचे?" सगळे हसले. चेष्टाच होती. पुढे नोकरी संपेपर्यंत कुणी ना कुणी तेच विचारत राहिलं, कधी चेष्टेत, कधी बढतीच्या वेळी. "मी दर वेळी 'माझे' म्हणायचे," सुमनताई म्हणाल्या. "आवाज चढवायला लागायचा नाही. खरं होतं ना. एवढंच होतं माझ्याकडे." मग म्हणाल्या, "पण ते माझं. हिला तसंच वाटलं पाहिजे असं काही नाही. नोकरी पण खरी असते."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

सायली म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी सुट्टी घ्याल?"

पुढच्या दिवशी सायली, तिचे वडील, मृण्मयी आणि सुमनताई कॉलेजात गेले; मी नव्हतो. सायलीनं आणि मृण्मयीनं जे वेगवेगळं सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढंच देतो. परीक्षेचं काम बघणारे प्राध्यापक भले माणूस होते. त्यांनी सगळ्यांना बसवलं, पाणी मागवलं, ऐकून घेतलं आणि हसले. "एवढ्यासाठी आलात? त्या पोरीला दिसत नाही बिचारीला. मैत्रिणीनं एक शब्द नीट लिहिला, त्यात काय एवढं? जा घरी."

वडील उठले. सायली बसून राहिली.

"सर, दिसणाऱ्या मुलीच्या पेपरवर शेजारणीनं लिहिलं असतं तर?"

"तर कॉपी केस झाली असती."

"मग माझी पण करा."

"इमोशनल होऊ नकोस. तुझी गोष्ट वेगळी आहे."

"तेच म्हणतेय, सर. वेगळी नकोय."

इथं सायलीनं मान सुमनताईंच्या दिशेला वळवली आणि वाट बघितली. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर काठी मांडीवर आडवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी होकार दिला नाही, नकार दिला नाही, खुर्चीही वाजवली नाही. खोलीत आल्यापासून निघेपर्यंत त्या एकही शब्द बोलल्या नाहीत. मृण्मयी म्हणाली, "मला त्यांचा इतका राग आला ना! काहीतरी बोला ना, असं ओरडावंसं वाटत होतं." सायली म्हणाली, "त्या बोलल्या असत्या तर ते त्यांचं झालं असतं."

पेपर रद्द झाला. मृण्मयीचं प्रकरण लेखी माफीवर मिटलं. अंधेरीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सायलीचे वडील सुमनताईंशी बोलेनासे झाले. स्टेशनच्या रस्त्यावर त्या समोरून आल्या तर ते काही न बोलता बाजूनं निघून जात. हे ताईंना कळत नाही असं मेस्त्रींना वाटत असावं. पण त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास असे. एकदा ते असे गेल्यावर सुमनताई मला म्हणाल्या, "मेस्त्री गेले ना? बरे आहेत ना दिसायला?"

बातमी पसरली तशी वर्गातली मुलं कमी झाली. डोळस मुलांच्या घरच्यांना माफीनामा नको होता. अंध मुलांच्या घरच्यांना इतका प्रामाणिकपणा नको होता. काही रविवार त्या खोलीत मखर, खुर्च्या आणि सुमनताई एवढंच असे. त्या वेळेवर येत, बसत, वर्गाची वेळ संपली की कुलूप लावून वर जात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "वर्ग बंद का, ताई?" "मी आहे की," त्या म्हणाल्या.

मग एका रविवारी सायली आणि मृण्मयी एकत्र आल्या. सायलीला पुढच्या परीक्षेत तोच पेपर पुन्हा द्यायचा होता. कॉलेज आपला लेखनिक देतो म्हणत होतं. सायलीनं मृण्मयीच मागितली होती.

"हीच का?" सुमनताईंनी विचारलं.

"आपल्या मनाचं लिहिलं की काय होतं ते हिला आता ठाऊक आहे. नवीन मुलीला मी परत ते शिकवत नाही बसणार यार." मग जीभ चावून, "सॉरी, ताई."

सराव सुरू झाला. त्या दोघींना सुमनताईंनी दिलेला सराव बघायला कठीण होता. सायलीनं मुद्दाम चूक सांगायचं, जिथं मार्क जातील तिथंच, आणि मृण्मयीनं ते सुरेख अक्षरात उतरवायचं. सुमनताई टेबलावर बोटं टेकवून पेन ऐकत. "अडलं. परत." "अडलं. परत." मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे आणि ती लिहीत असे.

परीक्षेच्या दिवशी सुमनताईंचा दमा जोरावर होता. त्यांनी जाऊ नये असं डॉक्टर म्हणाले, मीही म्हणालो. त्यांनी रिक्षा आणायला सांगितलं. रिक्षात त्यांनी पिशवीतून खडीसाखर काढून तोंडात ठेवली आणि कॉलेज येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

सायलीला तळमजल्याच्या टोकाची खोली दिली होती, कारण तिला मोठ्यानं सांगावं लागतं. दाराच्या वर जाळी होती. शिपायानं ताईंना पाहून बाहेर बाक सरकवून दिलं. आम्ही बसलो. आत सायलीचा आवाज एका पट्टीत चालला होता. पेनाचा आवाज मला येत नव्हता. त्यांना येत असावा, कारण त्यांचं डोकं किंचित तिरकं होतं आणि बोटं काठीच्या मुठीवर अगदी स्थिर होती.

बराच वेळ सगळं नीट चाललं. मग सायलीचा आवाज भराभर चालू लागला. घाबरली की तिचं तसं होई. ती म्हणाली, "पुरवठा वाढला की वस्तूची किंमत वाढते. पूर्णविराम."

सुमनताईंच्या गळ्यातली शीर ताठली. मला वाटलं, ऐकलं म्हणून. पण ती उबळ होती. त्यांनी पदर तोंडावर दाबला. खांदे हलू लागले. त्या बाकावरून उठल्या. काठी टेकवली तर फरशीवर वाजेल, म्हणून त्यांनी ती उचलून काखेत धरली, आणि डावा हात भिंतीला लावून, काठीशिवाय, त्या लांबलचक पॅसेजमधून चालू लागल्या. इतक्या वेगानं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी भिंत संपून पाण्याच्या टाकीचा कोपरा येतो. तिथं त्यांचा खांदा आपटला. त्या थांबल्या नाहीत. तोंडावरचा पदर सुटला नाही. जिन्याकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

आत सायली गप्प होती. मी दाराकडे बघत राहिलो. मग तिचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"मृण्मयी, शेवटचं वाक्य वाच."

मृण्मयीनं ते जसंच्या तसं वाचलं. तिच्या वाचण्यात कसलाही सूर नव्हता.

"खोड ते," सायली म्हणाली. "लिही. पुरवठा वाढला की किंमत कमी होते."

मी उठून जिन्याकडे गेलो. सुमनताई खालच्या पायरीवर, इमारतीच्या मागच्या दाराशी बसल्या होत्या. खोकून खोकून चेहरा काळानिळा झाला होता, काळा चष्मा हातात होता, खांद्यावर चुन्याचा पट्टा उमटला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला बदलीवर नागपूरला जावं लागलं आणि त्या गेल्याचं मला तिथंच कळलं. त्यामुळे डोळ्यांसमोर त्या येतात त्या अशाच, त्या पायरीवर.

मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "ताई, तिनं..."

त्यांनी हात वर केला.

"पेपर सुटला?"

"नाही. अजून वेळ आहे."

"मग मधे बोलू नका," त्या म्हणाल्या, आणि पदर पुन्हा तोंडाशी नेला.